इटलीच्या भूमीवरील दोन मराठी शिपाई

धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा अंक म्हटला म्हणजे त्यांत काय यावयाचें हें बहुधा ठरून गेलेलें असतें. मंदिराचा पाया केव्हां घातला, घंटा कोठून आणिली, कोणत्या फादरांनीं विहीर खोदविली, कोणत्या दुष्काळांत धान्य वांटलें गेलें, सिस्टरांचा दवाखाना, शाळेची प्रगति. आणि तें योग्यच आहे. परंतु आपल्या भागांतून जे तरुण खाकी पोषाख चढवून समुद्रापार गेले, त्यांच्याविषयीं अशा अंकांतून सहसा एक ओळहि येत नाहीं. संपादकमंडळानें इतिहासविषयक लेख मागितला तेव्हां ही उणीव आपल्या परीनें थोडी भरून काढावी असें मनांत आलें. निमित्त झालें तें इटलींतून आलेल्या एका वार्तेचें.

२०२३ सालच्या जुलै महिन्यांत इटलीच्या उंब्रिया प्रांतांत, पेरुजा शहराच्या उत्तरेस, मोंटोने नांवाच्या डोंगरमाथ्यावरील लहानशा गांवीं एका स्मारकाचें अनावरण झालें. गांवच्या नगरसभेनें व इटलींतील युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनीं मिळून तें उभारिलें. भारताच्या वतीनें तेथील राजदूत डॉ. नीना मल्होत्रा उपस्थित होत्या. हें स्मारक म्हणजे पुतळा नव्हे कीं विजयस्तंभ नव्हे. तें छायायंत्र आहे, म्हणजे सूर्याच्या सांवलीवरून वेळ दाखविणारें घड्याळ. त्यास नांव दिलें आहे तें नाईक यशवंत घाडगे ह्यांचें. रायगड जिल्ह्याच्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचा हा तरुण, वयाच्या तेविसाव्या वर्षीं त्या डोंगरांत पडला.

उंब्रिया प्रांत आपल्या लोकांस अगदींच परका नाहीं. असिसीचे संत फ्रान्सिस व संत क्लारा तेथलीं. नुर्सियाचे संत बेनेडिक्ट तेथले. आणि जिच्या तसबिरीपुढें आपल्या माताभगिनी अडल्यानडल्या वेळीं मेणबत्ती लावितात, ती काशियाची संत रीटा तीहि तेथलीच. खुद्द मोंटोने गांवांत प्रभूच्या कांटेरी मुकुटांतील एक कांटा पंधराव्या शतकापासून भक्तिभावानें जतन करून ठेविलेला आहे. कार्लो फोर्तेब्राच्चो नांवाच्या सरदारानें तो गांवास अर्पण केला, व त्या दानाचा उत्सव गांवकरी अद्यापि दरवर्षीं पाळितात. ज्या गांवानें एक कांटा पांचशें वर्षें जपला, त्यास एका परक्या शिपायाची आठवण ऐंशी वर्षें जपणें जड वाटलें नसावें.

हिंदी सैन्य त्या देशीं कसें पोहोंचलें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९४३ च्या सप्टेंबरांत दोस्तांच्या फौजा इटलीच्या दक्षिणेस उतरल्या. मुसोलिनीची सत्ता त्यापूर्वींच कोसळली होती, व नव्या इटालियन सरकारनें शस्त्रसंधि केला होता. जर्मन सैन्यानें मात्र देश सोडिला नाहीं. इटलीची रचनाच अशी आहे कीं, मध्यें डोंगराचा कणा व दोहों बाजूंनीं समुद्राकडे धांवणाऱ्या नद्या. त्यामुळें प्रत्येक नदी ही एक नवी तटबंदी व प्रत्येक तटबंदी ही एक नवी लढाई झाली. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या मराठी शिपायांस डोंगर नवे नव्हते. हिवाळ्यांतलें बर्फ मात्र नवें होतें. चौथी, आठवी व दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजनी तेथें लढल्या. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण आठव्या डिव्हिजनमध्यें व तिसरी पलटण दहाव्या डिव्हिजनमध्यें होती. स्मारकाच्या अनावरणाच्या वेळीं भारत सरकारनें जे आंकडे प्रसिद्ध केले त्यांप्रमाणें ह्या मोहिमेंत सुमारें ५०,००० हिंदी सैनिकांनीं भाग घेतला. २३,७२२ जणांची हानि झाली, व त्यांपैकीं ५,७८२ जणांनीं प्राण दिले. इटलीच्या मोहिमेंत एकंदर २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले; त्यांतले ६ हिंदी सैन्यांतील वीरांस मिळाले, आणि ह्या सहांपैकीं दोघे मराठी.

रोम शहर ४ जून १९४४ रोजीं मुक्त झालें. त्यानंतर दोस्त फौजा टायबर नदीच्या कांठानें उत्तरेकडे सरकूं लागल्या. हीच ती नदी, जी पुढें रोमांत संत पेत्राच्या महामंदिराजवळून वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं तिसऱ्या मराठा पलटणीच्या एका कंपनीनें शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. नाईक घाडगे ह्यांच्या हाताखालीं एक लहान तुकडी होती. मशीनगनचा मारा अगदीं जवळून सुरू झाला, आणि तुकडींतील सर्वजण मेले किंवा जायबंदी झाले. उभा राहिला तो एकटा नाईक. मागें कोणी उरलें नाहीं हें त्यास पक्कें ठाऊक होतें. अशा स्थितींत तो सरळ त्या मशीनगनवर धांवून गेला. पहिल्यानें हातबाँब टाकून त्यानें तोफ व ती चालविणारा निकामी केला. मग आपल्या टॉमीगननें दुसऱ्यास मारिलें. गोळ्या संपल्या, नव्या भरण्यास सवड नव्हती. तेव्हां बंदुकीची नळी हातांत धरून उरलेल्या दोघांस त्यानें दस्त्यानेंच ठार केलें. इतक्यांत आड लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्या त्यास लागल्या, व एकट्यानें जिंकलेल्या त्या ठाण्यांतच त्यानें प्राण सोडिला.

हें वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो, आणि तो केवळ अभिमानाचा नसतो. लढाईचीं वर्णनें लिहिणारे लोक दस्त्याचा उल्लेख गाळून पुढें जातात. तसें करणें ह्या शिपायावर अन्याय करण्यासारखें आहे. त्यानें काय केलें, कोणत्या प्रसंगीं केलें आणि त्याची काय किंमत दिली, हें सगळें एकत्र ठेविलें तरच तो माणूस दिसतो. त्या ठाण्यांत मेलेले जर्मनहि कोणाचे तरी पुत्र होते, हें लिहावयास ख्रिस्ती माणसानें लाजूं नये.

पदकाची घोषणा १९४४ च्या नोव्हेंबर महिन्यांत झाली. आपणां कॅथॉलिकांना हा मृतांच्या स्मरणाचा महिना. पदक स्वीकारण्यास स्वतः घाडगे नव्हते. तें त्यांच्या विधवा पत्नीच्या हातीं आलें. माणगांवच्या तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे. मुंबई-गोवा मार्गानें जातां येतां ज्यांना थोडा वेळ असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा.

त्यांची समाधि किंवा कबर मात्र कोठेंहि नाहीं. त्यांचें नांव कोरलेलें आहे तें कॅसिनो येथील युद्धस्मारकावर. ह्या स्मारकावर ज्यांची शेवटची जागा ठाऊक नाहीं अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें आहेत. आणि कॅसिनो म्हटल्यावर कॅथॉलिक वाचकास डोंगरावरचा तो मठ आठवल्यावांचून राहणार नाहीं.

मोंते कॅसिनोचा मठ संत बेनेडिक्टांनीं सहाव्या शतकांत स्थापिला. पश्चिमेकडील मठवासी जीवनाचें तें उगमस्थान. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं अमेरिकन विमानांनीं बाँब टाकून तो जमीनदोस्त केला. ह्या गोष्टींत आपल्या सैन्याचा संबंध आहे, व तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. बाँबफेकीची मागणी चौथ्या हिंदी डिव्हिजनचे सेनापति जनरल टकर ह्यांनीं केली होती. मठाच्या डोंगरावर चढून जाण्याची पाळी त्यांच्या शिपायांवर आली होती, आणि माथ्यावर एवढी दगडी वास्तु तशीच ठेवून त्यांना वर धाडण्यास ते तयार नव्हते. त्या वेळीं मठाच्या भिंतींआड जर्मन सैन्य नव्हतें, हें पुढें उघड झालें. आश्रयास आलेले गरीब नागरिक मात्र होते, व त्यांतील पुष्कळ मेले. मठाचा ढिगारा झाल्यावर जर्मनांनीं त्याच ढिगाऱ्यांत ठाणीं मांडलीं. म्हणजे मठहि गेला, आणि ज्यांचे प्राण वांचावे म्हणून तो गेला त्या हिंदी, गुरखा व इंग्रज शिपायांचें रक्तहि त्या उतारावर सांडावयाचें तें सांडलेंच. सेनापतीची अडचण प्रस्तुत लेखकास समजते. निर्णय मात्र पटत नाहीं. असो. मठ पुन्हां जसाच्या तसा बांधिला गेला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजीं पोप सहावे पॉल ह्यांनीं त्याचें पुनःसमर्पण केलें, व त्याच वेळीं संत बेनेडिक्ट हे युरोपचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर झाले. आज त्या मठाच्या पायथ्याशीं माणगांवकडच्या एका हिंदु तरुणाचें नांव दगडांत आहे. २०२१ च्या जुलै महिन्यांत भारताचे त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे ह्यांनीं कॅसिनो शहरीं भारतीय सेनेच्या स्वतंत्र स्मारकाचें उद्घाटन केलें.

विध्वंसाच्या ह्या हकीकतीबरोबर एक दुसरीहि सांगितली पाहिजे. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस मोंतेगुफोनी नांवाचा गढीवजा वाडा आहे. उफीझी संग्रहालय व इतर ठिकाणची दोनशेंहून अधिक अमोल चित्रें बाँबच्या भीतीनें तेथें हलविलेलीं होतीं. त्यांत बोत्तिचेल्लीचें वसंतऋतूचें प्रसिद्ध चित्र होतें, आणि जोत्तोनें काढलेली, बाळ येशूला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसलेल्या पवित्र मारियेची तसबीरहि होती. १९४४ च्या उन्हाळ्यांत लढाई त्या वाड्याच्या अंगणापर्यंत आली, तेव्हां तेथें मुक्काम होता तो आठव्या हिंदी डिव्हिजनच्या शिपायांचा. चित्रांवर पहारा बसला, आणि तीं वांचलीं. आज फ्लॉरेन्सला जाणारे यात्रेकरू त्या पवित्र मारियेपुढें उभे राहतात.

ह्याच आठव्या डिव्हिजनमधील पहिल्या मराठा पलटणींत आपल्या जिल्ह्याचा एक शिपाई होता. नामदेव जाधव, गांव निमज, तालुका संगमनेर, जिल्हा अहमदनगर, म्हणजे हल्लींचें अहिल्यानगर. योगायोग असा कीं घाडगे व जाधव ह्यांच्या जन्मांत अंतर अवघ्या दोन दिवसांचें: घाडगे १६ नोव्हेंबर १९२१ चे, जाधव १८ नोव्हेंबर १९२१ चे. जाधव ह्यांचें काम कंपनीच्या निरोप्याचें होतें. कंपनीच्या अधिकाऱ्याच्या मागोमाग राहावयाचें, व त्याचा हुकूम गोळ्यांच्या माऱ्यांतून इकडून तिकडे पोहोंचवावयाचा. फौजेंत ह्या कामास फारशी प्रतिष्ठा नसते.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळीं सान पोलितो गांवाच्या उत्तरेस सेनियो नदी ओलांडावयाची होती. नदी ती केवढी! रुंदी सुमारें १५ फूट, खोली ४ ते ५ फूट. आपल्या प्रवरामाईपुढें तो एक ओढाच म्हणावयाचा. परंतु दोन्ही तीरांस पुराचे ३० ते ३५ फूट उंचीचे उभे बांध होते. बांधांच्या पोटांत जर्मनांनीं बिळें कोरून ठाणीं केलीं होतीं, व पूर्वेकडील बांधाच्या आंतल्या अंगास सुरुंग पेरले होते. जाधव आपल्या अधिकाऱ्याबरोबर पाण्यांतून पलीकडे चढतात न चढतात तोंच मागच्या, म्हणजे पूर्वेच्या बांधांतून, निदान तीन ठाण्यांचा मारा त्यांच्यावर सुरू झाला. अधिकारी व आणखी दोघे जखमी झाले. जाधव सोडून बाकीचे जागच्या जागीं मेले.

ह्यापुढें जें घडलें त्याचा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जाधवांनीं प्रथम बंदूक उचलली नाहीं. प्रथम एक जखमी उचलला. त्यास पाठीवर घेऊन खोल पाण्यांतून, सुरुंगांच्या पट्ट्यांतून, तो उभा बांध चढून त्यांनीं सुरक्षित जागीं पोहोंचविलें. मग पुन्हां माघारीं जाऊन दुसऱ्या जखमीस आणिलें. दोन्ही खेपांस वरून तोफगोळे व मशीनगनच्या गोळ्या येतच होत्या. तिसऱ्या खेपेस ते लढावयास गेले. पहिलें ठाणें त्यांनीं टॉमीगननें बंद पाडिलें. हातास गोळी लागली, बंदूक चालविता येईना. ती टाकून देऊन हातबाँब घेतले व आणखी दोन ठाणीं उडविलीं. मध्यंतरीं बाँब संपले तेव्हां बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे आणिले. शेवटीं पूर्वेकडील सर्व मारा थांबल्यावर ते बांधावर उघडे उभे राहिले, मराठ्यांची युद्धगर्जना केली व उरलेल्या कंपन्यांस हात करून नदीपार बोलाविलें. त्या रात्रीं मिळालेल्या तीराचा पुढें मोठा उपयोग झाला. महिना उलटण्यापूर्वींच, २ मे १९४५ रोजीं, इटलींतील जर्मन सैन्य शरण आलें.

जाधव जिवंत परत आले. पुढें ते हवालदार झाले, आणि २ ऑगस्ट १९८४ रोजीं पुण्यास वारले. दोन दिवसांच्या अंतरानें जन्मलेल्या ह्या दोघांच्या मरणांत चाळीस वर्षांचें अंतर पडलें.

आतां थोडें अवघड बोलावयाचें आहे. नगर जिल्ह्यांतील कॅथॉलिक मिशन ज्यांनीं घडविलें ते येशूसंघी धर्मगुरु बहुतांशीं जर्मन भाषा बोलणारे होते. ज्यांनीं आमच्या आजोबांपणजोबांस स्नानसंस्कार दिला, अक्षरओळख करून दिली, पटकीच्या सांथींत जे झोंपडीझोंपडींत फिरले, ते मूळचे त्याच देशाचे, ज्याच्या सैन्याशीं नामदेव जाधव सेनियोच्या कांठीं लढले. १९०३ सालीं केंदळच्या मिशनांतून फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं मराठी मासिक काढिलें, त्याचेंहि नांव ‘निरोप्या’च. १९०७ सालीं ते पुण्याचे बिशप झाले. पहिलें महायुद्ध पेटलें आणि जर्मन धर्मगुरु एकाएकीं शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना अटकेंत ठेविलें, व पुढें बहुतेकांस मायदेशीं धाडिलें. शत्रुराष्ट्रांतील लोकांसाठीं सरकारनें उघडलेली मोठी बंदिछावणी आपल्या नगर शहरींच होती. बिशप डोरिंग ह्यांस १९२१ सालीं जपानांत हिरोशिमा येथें नेमिलें गेलें. १९२७ सालीं ते पुण्यास परत आले व १९४८ पर्यंत त्या पीठावर राहिले. म्हणजे जर्मनीविरुद्ध दुसरें युद्ध चाललें असतां पुण्याच्या धर्मपीठावर जन्मानें जर्मन असलेले वृद्ध आर्चबिशप होते. आणि ज्या हिरोशिमांत त्यांनीं पूर्वीं सेवा केली तें शहर ६ ऑगस्ट १९४५ रोजीं बेचिराख झालें. युद्ध म्हणजे दूरच्या देशांतील राजांची भानगड, असें आपल्या धर्मग्रामांतील लोकांनीं तरी म्हणण्याची सोय नाहीं.

मोंटोनेच्या छायायंत्रावर लॅटिन भाषेंत एक वचन आहे: ओम्नेस सुब एओदेम सोले. आपण सर्व एकाच सूर्याखालीं आहोंत, असा त्याचा अर्थ. तें कोणीं सुचविलें असेल तें असो, पण संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पांचवा अध्याय ज्यांनीं ऐकला आहे त्यांस तें ओळखीचें वाटेल. २०२४ च्या जूनमध्यें इटलींत झालेल्या भेटीच्या वेळीं भारताच्या पंतप्रधानांनीं ह्या स्मारकाचा विस्तार करण्याचा मनोदय जाहीर केला.

मोंटोनेच्या लोकांनीं आपलें काम केलें. आपलें काम अजून व्हावयाचें आहे. ह्या भागांतील ख्रिस्ती तरुण सैन्यांत गेले ते एकाच पलटणींत नव्हते, म्हणून त्यांचा माग काढणें कठीण जातें. पुष्कळांच्या पूर्वजांना तर सैन्याचें दारच कधीं उघडें तर कधीं बंद असे: १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ सालीं मोडली, पुन्हां १९४१ सालीं बेळगांवीं महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत वीस वर्षें गेलीं. युद्धापुरते भरती झालेले बहुतेक शिपाई युद्ध संपतांच घरीं पाठविले गेले, पेन्शनीवांचून. राज्य सरकार अशा सैनिकांस व त्यांच्या विधवांस मासिक मानधन देतें. कागद नसल्यामुळें ज्यांचें हें राहून गेलें असेल त्यांनीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत चौकशी करावी. त्या पिढींतील विधवा आजी अजून एखाद्या घरीं असतील.

घरांतील जुन्या पेटींत, आजीच्या जपमाळेबरोबर किंवा लग्नाच्या दाखल्याच्या घडींत, एखादें षट्कोनी ताऱ्यासारखें पदक पडलेलें असूं शकेल. तें पितळेचें समजून भंगारांत घालूं नये. फीत तांबडी, पांढरी, हिरवी, पांढरी, तांबडी अशी असेल तर तें इटलीच्या मोहिमेचें. फीत कुजून गेली असली तरी पदक उलटून पाहावें. इंग्रज शिपायांस सरकारनें हीं पदकें कोरींच दिलीं. हिंदी शिपायांच्या पदकांवर मात्र मागल्या बाजूस नंबर व नांव उमटविलेलें असतें, आणि तेवढ्यावरून पलटणहि शोधून काढितां येते. असें पदक, नोकरीचें पुस्तक, किंवा दूरच्या छावणींतून आलेलें पत्र ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं तें फादरांच्या कचेरींत दाखवावें. नांव, गांव, पलटण व स्नानसंस्काराची तारीख एका वहींत उतरून घेऊन वस्तु ज्याची त्यास लागलीच परत दिली जाईल. येत्या २ नोव्हेंबरच्या मिस्सापूर्वीं जेवढीं नांवें मिळतील तेवढीं त्या दिवशीं वेदीवरून वाचावीं, अशी विनंति फादरांस केली आहे. त्यांत निमजचे जाधव व पळसगांवचे घाडगे हींहि दोन नांवें असावींत, असें आम्हीं त्यांस सुचविलें आहे.